कारमधला मॅग्नेटिक होल्डर: फोनला धोका चुंबकाचा की खड्ड्यांचा?

गणपतीला गावी जाताना मुंबई-गोवा महामार्गावर गाडी खड्ड्यात आदळली आणि डॅशबोर्डवरच्या मॅग्नेटिक होल्डरवरून माझा फोन सुटला, तो थेट ब्रेकच्या पेडलजवळ. वेग कमी होता म्हणून निभावलं. शेजारी बसलेला भाऊ ओरडला, 'वाकू नकोस, आधी गाडी बाजूला घे!' होल्डरच्या खोक्यावर '२ किलो वजन पेलतो' असं छापलं होतं. फोन कव्हरसकट पाव किलोही नव्हता. मग तो सुटला कसा?

२ किलोंचा हिशेब

खोक्यावरचा आकडा सहसा फोन सरळ मागे ओढायला किती जोर लागेल, याचा असतो. घरच्या फ्रिजवरचं चुंबक आठवा. ते ओढून काढायला जोर लागतो, पण खाली सरकवायला एक बोट पुरतं. होल्डरवर फोन उभा असतो. त्याला खाली घसरू न देण्याचं काम चुंबक थेट करत नाही, दोन पृष्ठभागांमधलं घर्षण करतं. गुळगुळीत प्लास्टिकवर ते चुंबकाच्या ओढीच्या जेमतेम पाव ते अर्धं भरतं. म्हणजे २ किलोंचे झाले अर्धा ते एक किलो.

आता खड्डा. जोराच्या धक्क्यात फोनचा भार क्षणभर तिप्पट-चौपट होऊ शकतो. पाव किलोचा किलो इथेच होतो. त्यात चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. लोखंडी प्लेट कव्हरच्या आत ठेवली आणि कव्हर जाड असेल, तर खोक्यावरच्या २ किलोंना काही अर्थ उरत नाही. मी नेमकं हेच केलं होतं. (इंजिनीअरिंगची चार वर्षं अशी वाया गेली.)

प्लेट कव्हरच्या बाहेरून चिकटवणं किंवा चुंबकाची रिंग असलेलं कव्हर घेणं, हा यावरचा साधा उपाय. २०२० च्या आयफोन १२ पासून बहुतेक आयफोनमध्ये मॅगसेफची रिंग आतच आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनना मात्र रिंगवालं कव्हर घ्यावं लागतं.

चुंबकाने फोन बिघडतो का?

फोटो, डेटा पुसला जाईल ही भीती कॅसेट आणि जुन्या हार्डडिस्कच्या काळातली. फोनमधली फ्लॅश मेमरी चुंबकावर चालत नाही. त्रास होतो तो होकायंत्राला. गाडी चालू असताना मॅप जीपीएसवरून दिशा ओळखतो, त्यामुळे फरक जाणवत नाही. पण चौकात थांबलात की बाण भलतीकडे वळू शकतो. कॅमेऱ्यात फोटो हलू नये म्हणून बसवलेली यंत्रणाही जवळच्या चुंबकाने गडबडू शकते. फोन काढला की सहसा सगळं पूर्ववत होतं.

कव्हरच्या खिशात एटीएम कार्ड ठेवत असाल तर जपा. चिपला काही होत नाही, पण मागची काळी पट्टी निकामी होऊ शकते. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर मॅगसेफचा फोन किंवा ॲक्सेसरी छातीपासून १५ सेंटीमीटरहून जास्त लांब ठेवायला ॲपल सांगतं. शर्टाच्या खिशाची सवय असलेल्यांना हे आवर्जून सांगा.

लोखंडी प्लेट लावलेला फोन वायरलेस चार्जरवर ठेवू नका. चार्जिंग होत नाहीच, प्लेट मात्र तापते.

उन्हाळा आणि डॅशबोर्ड

साध्या निओडिमियम चुंबकाची ताकद ८० अंशांच्या पुढे कायमची घटू लागते. विदर्भातल्या मे महिन्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्या बाजूला सरकायला वेळ लागत नाही. त्याआधी गोंद मऊ पडतो तो वेगळाच. एसीच्या जाळीवरचा होल्डर या बाबतीत बरा, फोन गार राहतो. पण जड फोनने जाळीच्या पट्ट्या वाकतात आणि थंडीत हीटर लावला की गरम हवा थेट फोनवर.

डॅशबोर्डवर जिथे एअरबॅगची खूण आहे, तिथे होल्डर नकोच. एअरबॅग उघडली तर तो आधी उडतो.

नियम काय सांगतो?

ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना मोबाइल फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. हातात धरून वापरलात तर मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. होल्डरची खरी गरज इथे आहे. चिमट्याच्या होल्डरमध्ये फोन बसवायला दोन्ही हात गुंतू शकतात, मॅग्नेटिकवर एका हाताने काम होतं. बाजूची बटणंही दाबली जात नाहीत.

शहरात मी अजून मॅग्नेटिकच वापरतो, प्लेट आता कव्हरच्या बाहेर आहे. कोकणात जाताना मात्र फोन भावाच्या हातात असतो. तो वळण उशिरा सांगतो, पण पेडलखाली जात नाही.