कपाट पाठीकडून पाहावं

जुनं ते सोनं, असं म्हणायला आपल्याला फार आवडतं. पण घर बदलायची वेळ आली, की पहिली कुऱ्हाड पडते ती जुन्यावरच. चाळ पाडून टॉवर उभा राहणार असं ठरलं, की आरशाचं सागवानी कपाट, पितळी पट्ट्यांचा पेटारा, स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट, सगळं मातीमोल भावानं हातगाडीवर चढतं. मग चार वर्षांनी त्याच घरातली हौशी माणसं एखाद्या दुकानात 'अँटिक' म्हणून तसंच कपाट पाहतात, भारावतात आणि मागेल ती किंमत मोजून घरी आणतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की जुन्या कपाटाच्या शोधात निघायचं तर पहिला फेरफटका आपल्याच नात्यागोत्यातल्या माळ्यांवर आणि गॅलऱ्यांत मारावा.

खरं तर आपल्या जुन्या घरांत उभी कपाटं फारशी नसतच. वाड्याच्या जाडजूड भिंतीतच कोनाडे, देवळ्या आणि फडताळं असत. मौल्यवान चीजवस्तू पेटाऱ्यात. 'कपाट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच दार. बद्रीनाथाचे कपाट उघडले, असं आपण वाचतो, ते हेच. 'अलमारी' हा शब्द तर पोर्तुगिजांकडून आला. आज आपण ज्यांना जुनी कपाटं म्हणतो, त्यांतली बरीचशी इंग्रजी अमदानीतल्या घडणीची आहेत. ती हलवता येतात, आणि म्हणूनच विकलीही जातात.

कपाट निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो स्वतःला. यात आपण ठेवणार काय? कपड्यांचा हँगर साधारण सतरा इंच रुंद असतो. तो आडवा मावायचा, तर आतून बावीस इंच तरी खोली हवी. फळ्यांची जुनी कपाटं पुष्कळदा पंधरा-सोळा इंचच खोल असतात. पुस्तकांना, चादरींना, घडीच्या साड्यांना ती उत्तम. हँगरला मात्र निरुपयोगी. मग हौसेनं आणलेल्या कपाटाच्या आतल्या फळ्या कापल्या जातात, आणि कपाटही जातं, सोयही जाते. दुकानात जाताना खिशात मोजपट्टी हवी. खोलीचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्टची उंची घरूनच टिपून न्यावी. मोठी कपाटं बरेचदा सुट्टी होतात. वरची महिरप आणि खालची बैठक वेगळी निघते का, ते विचारून घ्यावं.

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीचं ओशिवरा ही यासाठीची प्रसिद्ध ठिकाणं. अशा बाजारात खरं जुनं, डागडुजी केलेलं जुनं आणि जुन्या लाकडातून नव्यानं घडवलेलं, असे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे असतात. तिसरा प्रकार वाईट मुळीच नव्हे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ साली स्थापन झाली आणि ब्रह्मदेशातला साग हा तिचा मोठा व्यापार. म्यानमारनं २०१४ साली सागाच्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तेव्हा पाडलेल्या घराच्या तुळईतून निघालेला साग आजही मोलाचाच. फक्त किंमत मोजताना लाकूड जुनं आहे की कपाट जुनं आहे, हे आपल्याला ठाऊक हवं.

ते कळतं पाठीकडून. दर्शनी भागाला पॉलिश लागतं, पाठीला कुणी हात लावत नाही. म्हणून कपाट भिंतीपासून ओढायला सांगावं. पाठीच्या फळ्यांचा रंग काळवंडलेला, असमान हवा. पाठ नव्या प्लायवूडची असेल, तर निदान तेवढा भाग बदललेला आहे, हे उघड. मग खण पूर्ण बाहेर काढावा. त्याच्या कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवणारे दाते असतात. हातानं कापलेले दाते किंचित लहानमोठे असतात, यंत्राचे सगळे एका मापाचे. खण ज्या पट्टीवर सरकतो, ती वर्षानुवर्षांच्या वापरानं घासलेली हवी. दुकानदार १८९० सालचं म्हणत असेल आणि स्क्रूच्या डोक्यावर अधिकची खूण असेल, तर मनातल्या मनात हसावं. तसले स्क्रू १९३०च्या दशकात आले. दुरुस्तीत बदललेही असतील, पण प्रश्न विचारायला हरकत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कीड. सागाचा गाभा टिकाऊ खरा, पण सालीजवळचा फिकट भाग कीड आनंदानं खाते. बारीक भोकं दिसली म्हणून लगेच घाबरू नये. ती जुनीही असू शकतात. कपाटाखाली काळा कागद पसरून आठवडाभर थांबावं. त्यावर पिठासारखी ताजी भुकटी पडली, तर कीड जिवंत आहे. असं कपाट उपचार होईपर्यंत घरातल्या इतर लाकडांच्या शेजारी ठेवू नये.

गेल्या वर्षी सासूबाईंचं चाळीतलं घर रिकामं करताना या सगळ्याची परीक्षाच झाली. घरात दोन कपाटं होती. एक त्यांच्या लग्नातलं, बेल्जियम आरशाचं, आणि दुसरं दुधा-दह्याचं जाळीचं कपाट, ज्याचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत उभे असत. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आरशाचं कपाट ठेवू, आईंचा जीव आहे त्यात. जाळीचं जाऊ दे." दोन्ही ओढून पाहिली. आरशाच्या कपाटाची पाठ आणि बैठक आतून पोखरलेली, बोटानं दाबलं तर आत जाईल अशी. जाळीच्या कपाटावर तैलरंगाचे चार थर, पण खाली खणखणीत साग. कुणीच काही बोलेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "ते माझ्यासारखंच झालंय. उगाच ओढू नका त्याला." आरसा तेवढा सोडवून चौकटीत बसवला. तो आता त्यांच्या नव्या खोलीत आहे. जाळीचं कपाट आमच्याकडे आलं. त्यात नाश्त्याच्या बश्या आणि लोणच्यांच्या बरण्या राहतात. जाऊबाईंना ते अजून थोडं लागलेलं आहे, हे मला कळतं. पण माया होती म्हणून पोखरलेलं कपाट आणलं असतं, तर दोन पावसाळ्यांत दुसऱ्यांदा निरोप द्यावा लागला असता.

घरी आल्यावर जुन्या कपाटाला फार काही लागत नाही. ओलीच्या भिंतीपासून तीन बोटं दूर ठेवावं, वारा खेळता राहतो. पावसाळ्यात दार फुगलं, म्हणून लगेच रंधा मारू नये. दिवाळीनंतर तेच दार ढिलं पडतं. चौकटीतली फळी जुन्या सुतारांनी खाचेत मोकळी सोडलेली असते, ती हलते म्हणून डिंकानं चिकटवली तर उन्हाळ्यात तडकते. चपड्याचं जुनं पॉलिश जमेल तितकं राखावं, सरसकट घासून काढू नये. रेशमी साड्या उघड्या लाकडाला टेकू देऊ नयेत, खाली मलमल अंथरावी.

मुलं परदेशी असणाऱ्यांसाठी एक सूचना. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचा पेटारा नातवाकडे धाडायचा विचार असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का, ते पाहावं.

बाकी, वर्षानुवर्षं न हललेलं एखादं कपाट आपल्याही घरी असेलच. आज रविवार आहे, घरात उचलायला चार हात आहेत. जुन्या सामानवाल्याला फोन करण्याआधी ते वीतभर पुढे ओढा आणि मागून एकदा नीट पाहून घ्या. ठेवायचं की द्यायचं, ते मग ठरवा.