चौघे एकाच बाजूला

नांदेड-लातुरात शिकवणीसाठी खोली करून राहणारी पोरं ‘पे-डे २’ खेळताना दिसली, की घरच्यांना वाटतं एकमेकांवरच गोळ्या झाडतायत. तसं नाही. स्वीडनच्या ओव्हरकिल स्टुडिओचा २०१३ मधला हा दरोड्याचा गेम ‘को-ऑप’ (सगळे खेळाडू एकाच बाजूला) आहे. चौघं मिळून बँक लुटतात. पोलिसांना कॉम्प्युटर चालवतो.

सोयाबीनची रास करण्यासारखंच हे. एक जण गंजीतलं सोयाबीन मळणीयंत्रात सारतो, दुसरा पोतं धरतो. एक हलला की काम तुंबलं. इथं तिजोरीला लावलेलं ड्रिल मधेच अडकतं. एकानं ते सुरू करायचं, बाकीच्यांनी राखण करायची. पडलेल्या गड्याला सोबत्यानंच उठवायचं. आणि गंमत म्हणजे, निरपराध माणूस मारला तर लुटीच्या कमाईतून दंड कापला जातो!