बदनामीच्या भीतीवर चालणारा धंदा

"सर, माझ्या एका मित्राचं काम आहे," असे म्हणत तो तरुण ऑफिसात शिरला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जयभीम केला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि पाच मिनिटे काही बोललाच नाही. मित्राचे काम घेऊन येणारे पक्षकार वकिलाला नवे नसतात. मी विचारले, "मित्राचा मोबाईल तुझ्याच खिशात आहे का?" तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

वय २३. पोलीस भरतीची तयारी करणारा, विहारात दर रविवारी लहान मुलांना गणित शिकवणारा मुलगा. एका डेटिंग साईटवर त्याने खाते उघडले होते. दोन दिवसांत एका मुलीचा मेसेज आला, तिसऱ्या दिवशी तिने व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागितला आणि त्याच रात्री व्हिडिओ कॉल केला. समोर दिसणारी मुलगी तिथे नव्हतीच. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावलेला होता. तिने कपडे काढले, यालाही काढायला सांगितले. दीड मिनिटात कॉल बंद. लगेच याच्याच चेहऱ्याचा व्हिडिओ याला परत आला आणि सोबत याच्या फेसबुकवरील मित्रांची यादी. त्या यादीत सख्खी बहीण होती, मामा होते, विहार समितीचे अध्यक्ष होते. आधी पाच हजार मागितले, दिले. मग बारा हजार. मग खाकी वर्दीतला फोटो लावलेल्या 'दिल्ली क्राईम ब्रँचच्या साहेबां'चा फोन आला, की त्या मुलीने आत्महत्या केली असून चिठ्ठीत तुझे नाव आहे. शिष्यवृत्तीचे पैसे आणि आईने बचत गटातून उचललेले कर्ज मिळून ४६ हजार रुपये गेले होते.

"पहिल्याच दिवशी का आला नाहीस?" मी विचारले.

"सर, तुम्हीच जयंतीला बोलला होता ना, मोबाईलमुळे आपली पोरं नासली म्हणून."

होय, मी तसे बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या. आपल्या सभांतून अशी वाक्ये आपण किती सहज फेकतो! समोर बसलेल्या एखाद्या पोराला त्याच आठवड्यात मदतीची गरज पडू शकते, हे ध्यानीमनी नसते. या खंडणीखोरांना तो व्हिडिओ पसरवण्यात फारसा रस नसतो, कारण एकदा पसरवला की दाखवायला धाक उरत नाही. हे पोरगं घरी सांगणार नाही, समाजात सांगणार नाही, ठाण्यात तर मुळीच जाणार नाही, या हिशेबावर त्यांचा सगळा धंदा उभा आहे. तो हिशेब बरोबर ठरवायला आपण भाषणांतून हातभार लावतो. तिसऱ्या शीलाची आठवण करून देणारे ज्येष्ठ बंधू मला भेटतीलच. त्यांना एवढेच सांगतो की शील ज्याचे त्याने स्वतः ग्रहण करायचे असते, दुसऱ्याच्या डोक्यावर हाणायचे नसते.

कायदा काय म्हणतो ते पाहू. दोन सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने खासगीत प्रेमाच्या गप्पा मारणे हा गुन्हा नाही. व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केले, आणि त्याच महिन्यात सज्ञानांमधील समलिंगी संबंधही कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना विनाकारण झडतीपासून संरक्षण मागितले होते. ते कलम राज्यघटनेत आले नाही. आज आपली कागदपत्रे आणि चीजवस्तू मोबाईलमध्ये असतात, एवढाच काय तो फरक.

मात्र दोन गोष्टींत सूट नाही. आलेला नग्न फोटो पुढे मित्राला पाठवला किंवा ग्रुपवर टाकला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई, ६७ आणि ६७ए ही कलमे लागू शकतात. ६७ए मध्ये पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. 'नुसतं फॉरवर्ड केलं' हा बचाव होत नाही. आणि समोरची व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो आणि ६७बी आहेत. साईटवर 'मी १८ वर्षांचा आहे' असे बटण दाबले म्हणून कोणी सज्ञान होत नाही. शंका आली की तिथेच थांबावे.

आता या साईट्सच्या भरवशाविषयी. विवाहितांना चोरून भेटी जुळवून देणाऱ्या अ‍ॅशली मॅडिसन या कॅनडातील साईटचा माल २०१५ साली चोरीला गेला. तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती जगासमोर आली. ही कंपनी १९ डॉलर घेऊन 'तुमचे खाते कायमचे पुसून टाकतो' असे सांगत होती. पैसे भरणाऱ्यांची माहितीही त्या ढिगात सापडली. यादीत नाव आलेल्या अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आत्महत्या केली. २०१६ साली अ‍ॅडल्ट फ्रेंड फाइंडर आणि तिच्या भावंड साईट्सची ४१ कोटींवर खाती फुटली, त्यांत सुमारे दीड कोटी खाती लोकांनी आधीच पुसलेली होती. २०२५ च्या जुलैत अमेरिकेतील 'टी' हे खास स्त्रियांच्या सुरक्षेसाठी काढलेले अ‍ॅप फुटले आणि ओळख पटवण्यासाठी घेतलेल्या सेल्फी व ओळखपत्रांचे सुमारे १३ हजार फोटो बाहेर पडले. तेव्हा साईटला आधारचा फोटो देताना, आणि 'डिलीट' दाबून निर्धास्त होताना, हे आठवावे.

अर्थात आपल्याकडे एवढ्या मोठ्या चोरीची गरजही पडत नाही. तुमचा रोजचा मोबाईल नंबर पुरतो. तो यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की बँकेतले नाव येते. ट्रू कॉलर आडनाव सांगतो. आडनावावरून आपल्या देशात काय काय कळते, ते या वाचकांना मी सांगायला नको. आडनाव कळताच गप्पा बंद झाल्याचा अनुभव आपल्या कितीतरी मुलामुलींना आहे. पण गप्पा बंद न होता तेच आडनाव पुढे धाकासाठी वापरले जाते, तो प्रकार जास्त वाईट. म्हणून अशा ठिकाणी वेगळा ईमेल, आणि जमल्यास वेगळे सिमकार्ड वापरावे. फेसबुकवर असलेला फोटो तिथे लावू नये, कारण फोटोवरून माणूस शोधता येतो. फेसबुकची मित्रयादी 'ओन्ली मी' करावी. हे एक काम या तरुणाने केले असते तर त्याच्या मामांचे नाव त्या चोराला कळलेच नसते. अ‍ॅपची लोकेशनची परवानगी काढून घ्यावी. दोनच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर ये म्हणणारा माणूस घाईत का आहे, हे स्वतःला विचारावे. चेहरा आणि उघडे शरीर एका चौकटीत कधीही येऊ देऊ नये; मागची भिंत, कॅलेंडर, कॉलेजचे ओळखपत्रही नको. प्रत्यक्ष भेटायचे तर वर्दळीच्या ठिकाणी, आणि एका विश्वासू माणसाला सांगून. समलिंगी मुलांना खोलीवर बोलावून लुबाडणाऱ्या टोळ्या कलम गेल्यानंतरही आहेत. घरी कळेल या भीतीने ही मुले तक्रार देत नाहीत.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांनी कुठल्या साईटवर पाऊल टाकलेले नसतानाही त्यांचा नंबर तिथे पोहोचतो. नकार मिळालेला कोणीतरी खोटे खाते काढतो आणि तिचा फोटो, नंबर टाकून मोकळा होतो. मग रात्री-बेरात्री फोन सुरू. २००४ साली चेन्नईत एका घटस्फोटित महिलेबाबत याहू ग्रुपवर असाच मजकूर टाकणाऱ्याला अवघ्या सात महिन्यांत शिक्षा झाली होती. तेव्हा कायदा नवा होता, पोलीस नवखे होते, तरी हे झाले. आपल्या घरांत मात्र पहिली शिक्षा मुलीलाच होते. मोबाईल काढून घेतात, कॉलेज बंद करतात, स्थळे पाहायला लागतात. फोटो काढायला तिने संमती दिली असली तरी तो पसरवायला दिलेली नसते, आणि असे पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. आरोपी सवर्ण असेल आणि मुलीची जात त्याला ठाऊक असेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याला २०१५ च्या दुरुस्तीने जोडलेली अनुसूचीही फिर्याद लिहिताना उघडून पाहावी. चोरून चित्रण, पाठलाग आणि धमकी हे गुन्हे तिच्यात आहेत.

अडकलात तर पैसे देऊ नका. एकदा दिले की दुसरा फोन येतोच. घाबरून चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. नंबर, प्रोफाईलचा पत्ता, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. लवकर कळवले तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही सोय आहे. तिच्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही, तुमच्याच मोबाईलवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा पाहून फोटो अडवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. ड्युटीवरचे साहेब हसले. म्हणाले, "काय रे, मजा केलीस आणि आता रडतोस?" पोरगा उठून निघालाच होता. मी त्याला खाली बसवले आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ साहेबांसमोर ठेवले: घटना कुठल्याही हद्दीतली असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवावीच लागते. खंडणीचे कलम ३०८ सात वर्षांपर्यंत शिक्षेचे आहे, आणि इजा म्हणजे केवळ शरीराची नव्हे, मनाची आणि लौकिकाचीही, हे संहितेच्या व्याख्येतच लिहिलेले आहे. अडीच तासांनी फिर्याद नोंदली गेली.

शेवटी दिलेले नऊ हजार बँकेत अडवले गेले आहेत. ते सोडवण्याचा अर्ज चालू आहे. बाकीचे गेले. 'क्राईम ब्रँचचे साहेब' आणखी दोन दिवस फोन करीत राहिले, मग त्यांनी नाद सोडला. व्हिडिओ निदान आजवर तरी कोणाकडे आलेला नाही. पण तो येण्याआधी आपणच सांगायचे, असे त्याने ठरवले आणि माझ्याच ऑफिसातून बहिणीला फोन लावला. थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "चार दिवस जेवला नाहीस, म्हणून आई रडतीय. आधी घरी ये."