नऊच्या पुढे शून्य

बॅकारा शिकायला किती वेळ लागतो? रमी येणाऱ्याला दहा मिनिटं, आणि मटक्याचं गणित ठाऊक असलेल्याला त्याहूनही कमी. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावात ‘ओपन-क्लोज’ कानावरून गेलंच नाही असा जुना माणूस विरळाच. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मुंबईत रुजवलेल्या त्या खेळात तीन आकड्यांची बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक तेवढा धरायचा. फ्रान्समधून आलेल्या, सुटाबुटातल्या बॅकाराचा हिशोबही नेमका असाच चालतो.

एक्क्याचा एक, दुर्रीपासून नव्वीपर्यंत पानावर असेल तो आकडा. दश्शी, गुलाम, राणी, राजा यांना शून्य. राजाला किंमत नसलेला पत्त्यांचा खेळ आपल्याकडच्यांना जरा खटकतोच. टेबलावर दोनच हात वाटले जातात, एक ‘प्लेअर’चा आणि एक ‘बँकर’चा. ही नुसती नावं आहेत. समोर बसलेल्यांपैकी कुणीही कोणत्याही हातावर, किंवा दोन्ही हात बरोबरीत सुटतील यावर म्हणजे ‘टाय’वर पैसे लावू शकतो. ज्याची बेरीज नऊच्या जवळ तो हात जिंकला.

पहिल्या दोन पानांतच कुणाचे आठ किंवा नऊ झाले, की डाव तिथेच संपला. नाहीतर पाचपर्यंत बेरीज असेल तर प्लेअरला तिसरं पान मिळतं. सहा-सात असेल तर तो थांबतो. प्लेअर थांबला तर बँकरलाही हाच नियम. प्लेअरने पान घेतलं, तर मात्र बँकरचा निर्णय त्या पानावर ठरतो. समजा, प्लेअरकडे राजा आणि पंजी आहे, म्हणजे पाच. तिसरं पान आलं तिर्री, झाले आठ. बँकरकडे नव्वी आणि सत्ती, म्हणजे सोळा, म्हणजे सहा. सहावर बँकर पान घेतो ते प्लेअरचं तिसरं पान छक्की किंवा सत्ती असेल तरच. इथे तिर्री आली, म्हणून तो थांबला. प्लेअर जिंकला, आठाला सहा. हे कोष्टक पाठ नसलं तरी बिघडत नाही. ते डीलर पाहतो. खेळणाऱ्याने पैसे कुठे ठेवायचे एवढंच ठरवायचं. उतारी कशी करावी, कोणतं पान राखावं, हा भागच नाही.

म्हणजे बॅकारात शिकण्यासारखं जे आहे ते पानांत नाही, दरांत आहे. बँकर किंवा प्लेअरवर जिंकल्यास लावले तेवढेच मिळतात; मात्र बँकरवर जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के कापतात. आठ कॅट एकत्र पिसून खेळतात तेव्हा शंभर रुपयांमागे सरासरी तोटा बँकरवर १.०६ रुपये, प्लेअरवर १.२४. ‘टाय’ला आठपट मिळतात म्हणून नवखे तिकडे धावतात, तिथला तोटा शंभराला १४ रुपयांहून जास्त. मटक्यात सिंगल आकड्याला रुपयाला नऊ, या रूढ भावाने दहा रुपये जातात. म्हणजे वातानुकूलित दालनातली ‘टाय’ची बाजी टपरीवरच्या चिठ्ठीपेक्षा महाग आहे!

मटकेवाले जुने चार्ट उकरतात, तसं कॅसिनोत मागच्या डावांचे निकाल लाल-निळ्या ठिपक्यांत मांडतात. कॅसिनोच ती सोय आपणहून पुरवतो, यातच काय ते आलं. फिल आयव्ही या नामांकित अमेरिकन खेळाडूने २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबमध्ये बॅकारात ७७ लाख पौंड जिंकले, ते ठिपके पाहून नव्हे, तर पानांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक हेरून. क्लबने पैसे दिले नाहीत आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबचीच बाजू उचलून धरली.

महाराष्ट्रात हा खेळ पैशांवर कायदेशीर नाही. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याचा जुगारविषयक कायदाही १९७६ चाच. पण १९९० च्या दशकातल्या दुरुस्त्यांनी तिथे कॅसिनोंना दार उघडलं. म्हणून कुर्डुवाडीच्या माणसाला खरं टेबल पाहायचं तर पंढरपूर, मिरज, लोंढा करत पणजीला मांडवीतल्या बोटीच गाठाव्या लागतात. मोबाइलवरचा मार्गही बंद आहे: पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. तरीही ‘बॅकारा शिका’ म्हणत लिंक पाठवणारा कुणी भेटला, तर तो शिकवणी घेत नसून गिऱ्हाईक शोधतो आहे.

बोटीवरही कॅसिनोचा एक टक्का हा खर्चाचा लहान भाग. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४० टक्के आहे, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. एवढे कर भरून नफ्यात राहायला नशीब कितीदा पाठीशी असावं लागेल, ते ज्याचं त्याने मोजावं.

खेळ म्हणून शिकायचाच असेल, तर घरातले पत्त्यांचे दोन कॅट आणि वाटीभर चिंचोके पुरेत. एका रविवारी शंभर डाव वाटा, प्रत्येक निकाल वहीत लिहा आणि ‘टाय’वर दर वेळी एक चिंचोका ठेवून पाहा.