जुना लॅपटॉप आणि एसएसडी : कमी खर्चाचा एक पर्याय

प्रस्तावना :
इंदूरची छत्रीबाग होळकर घराण्याच्या छत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. जुनी वास्तू जपताना ती पाडत नाहीत, निकामी झालेला भाग तेवढा बदलतात. या परिसरातील घरांत व शिक्षणसंस्थांत वापरल्या जाणाऱ्या जुन्या लॅपटॉपलाही हाच नियम लागू पडतो. लॅपटॉप सुरू होण्यास पाच-सात मिनिटे लागू लागली की तो 'गेला' असे समजले जाते. प्रत्यक्षात अनेकदा प्रोसेसर ठीक असतो. संथ असते ती हार्ड डिस्क.

संथपणाचे कारण :
हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या चकत्या असतात. लॅपटॉपमधील चकती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती मुखाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा व मुख योग्य जागी सरकण्यास आणखी काही वेळ धरला, तर एका वाचनास साधारण १५ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६०-७० वाचनेच होतात. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान फायली वाचाव्या लागतात.

एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. माहिती फ्लॅश स्मृतीत विद्युतभाराच्या रूपाने साठते. एक वाचन सुमारे ०.१ मिलिसेकंदात होते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली फ्लॅश स्मृती हा या तंत्राचा पाया आहे.

बदल करताना :
१) लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा डिस्क बसते की एम.२ ची खाच आहे, हे आधी पाहावे. जाडी ७ मि.मी. की ९.५ मि.मी. हेही तपासावे.
२) सर्व माहितीची प्रत दुसरीकडे घ्यावी.
३) जुनी डिस्क क्लोन करावी किंवा कार्यप्रणाली नव्याने टाकावी.
४) लॅपटॉप बंद करून, चार्जर व शक्य असल्यास बॅटरी काढूनच झाकण उघडावे.

मर्यादा :
एसएसडीमुळे प्रोसेसर नवा होत नाही. ४ जीबी रॅम असल्यास तीही वाढवावी लागते. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० व ठरावीक प्रोसेसर आवश्यक आहेत; ते नसल्यास लिनक्स मिंटसारखी मुक्त कार्यप्रणाली वापरता येते. तसेच एसएसडी दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास माहिती जाऊ शकते. म्हणून ती कपाटात ठेवायची एकमेव प्रत मानू नये.

जुन्या डिस्कचे काय ?
तिच्यात विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते व छायाचित्रे असतात. 'डिलीट' केल्याने ती पुसली जात नाहीत. संपूर्ण डिस्कवर नवी माहिती लिहूनच ती पुसावी लागते. डिस्क सुस्थितीत असल्यास यूएसबी आवरणात घालून राखीव प्रतीसाठी वापरावी. निकामी असल्यास भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांची दिशा हीच आहे.

निष्कर्ष :
पडद्यावर भेगा नसतील, कळफलक चालत असेल आणि काम लेखन, वाचन व गुणपत्रकांपुरते असेल, तर नवा लॅपटॉप घेण्यापूर्वी एसएसडीचा विचार करावा. त्यातून वाचलेल्या पैशांत एखाद्या गरजू विद्यार्थ्याचाही लॅपटॉप सुधारून देता येईल.