यंत्राची दृष्टी आणि डॉक्टरांचा निर्णय

स्तनाच्या कर्करोगाची गाठ हातास लागण्यापूर्वीच तो ओळखता यावा, म्हणून अनेक देशांत निरोगी स्त्रियांचीही ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणी करतात. हिला मॅमोग्राफी असे म्हणतात. अशा हजार स्त्रियांपैकी साधारणतः पाच-सहा जणींनाच कर्करोग आढळतो. उरलेल्या चित्रांच्या राशीतून एखादा अंधुक ठिपका हुडकणे हे मोठ्या चिकाटीचे काम होय. म्हणूनच युरोपात बहुधा प्रत्येक चित्र दोन तज्ज्ञ तपासतात.

हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवावे काय? निदान ठाऊक असलेली असंख्य चित्रे दाखवून संगणकास रोगाच्या खुणा शिकविल्या जातात. मग तो नव्या चित्रातील धोक्याचे मान अंकांत सांगतो.

डॉक्टरांना याविषयी जो संशय वाटतो, त्यास पूर्वानुभवाचा आधार आहे. संगणकाच्या अशाच एका जुन्या पद्धतीस अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली व तिचा पुष्कळ प्रसार झाला. परंतु तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या तपासण्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्यामुळे निदानाची अचूकता वाढली नसल्याचे दिसून आले.

नवी पद्धती मात्र अधिक समर्थ आहे. स्वीडनमध्ये २०२१ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्यात एक लाखाहून अधिक स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाची चित्रे नेहमीप्रमाणे दोन तज्ज्ञांनी पाहिली. दुसऱ्या गटात कमी धोक्याची चित्रे एका, तर अधिक धोक्याची दोन तज्ज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने पाहिली. पहिल्या गटात हजारी ५, तर दुसऱ्यात ६.४ कर्करोग आढळले. शिवाय चित्रवाचनाचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी घटले.

मग संशय सोडून द्यावा काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २७ तज्ज्ञांना संगणकाचे काही अभिप्राय मुद्दाम चुकीचे दाखविले. अभिप्राय बरोबर असताना नवख्या डॉक्टरांची सुमारे ८० टक्के उत्तरे बरोबर आली. तो चुकीचा असताना २० टक्क्यांहूनही कमी! अत्यंत अनुभवी डॉक्टरांचे प्रमाणही ८२ वरून सुमारे ४५ टक्क्यांवर उतरले.

तात्पर्य, यंत्र नाकारणारा डॉक्टर रुग्णास एका उपयुक्त साधनापासून वंचित ठेवतो, तर त्यावर डोळे मिटून विसंबणारा डॉक्टर त्याच्या चुकीत सहभागी होतो. यास्तव प्रथम स्वतः चित्र पाहून मत नोंदवावे आणि नंतरच यंत्राचा अभिप्राय पाहावा, हा मार्ग विचारार्ह ठरतो. यंत्र सल्ला देऊ शकते. परंतु त्या सल्ल्याबद्दल रुग्णास उत्तर द्यावे लागते ते डॉक्टरांनाच.