मेंढ्यांमागची कारवानी

दिवाळीनंतर अंतरवाली सराटीच्या शिवारात धनगरांचा वाडा उतरला होता. खतासाठी रानात मेंढ्या बसवल्या होत्या. राखणीच्या कुत्रीला मी बिनदिक्कत ‘गावठी’ म्हटले आणि म्हातारबाबा रुसलेच.

“तोंड बघा, पोट बघा, मग बोला!”

पाहिले. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, आखूड केस. ही कारवानी! कानाशेपटीला झुपके असते तर पश्मी. हिच्याच कुळातल्या मुधोळचे २००५ साली टपाल तिकीटही निघाले. (आम्ही तिकीट जपतो, कुत्रे नाही.)

बाबांची चिंता वेगळीच. कुत्री माजावर येते, पण जातीचा नर सापडत नाही. गेल्या खेपेची पिल्ले गावकुत्र्यांवर गेली.

“अंबडाकडं एक हाय म्हणत्यात,” बाबा म्हणाले. वाडा हलला की आधी तिकडेच.